‘आमच्या घरात असं कोणी बोलत नाही’

किशोरवयीन मुलग्यांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा अभ्यास आणि मोबाईल यांच्या खालोखाल एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगा बहिणीला हिडीसफिडीस करतो, आईला ‘तुला काय कळतंय’ म्हणतो, वर्गातल्या मुलींविषयी वाटेल ते बोलतो, आणि मुख्य म्हणजे हे तो घरात शिकलेला नाही. पालक बेळगाव शहरातले असोत, खानापूरच्या जंगलपट्टीतले असोत किंवा निपाणीकडचे असोत, शेवटचे वाक्य बहुतेक त्याच शब्दांत येते: ‘आमच्या घरात असं कोणी बोलत नाही.’ त्यांचे म्हणणे खरे असते. अडचण एवढीच की मुले फक्त बोललेलेच शिकतात असे ते गृहीत धरून चालतात, आणि मग जे घरात कोणी बोलत नाही ते बाहेरून आले असणार, म्हणजे मोबाईलमधून किंवा संगतीतून, असा निष्कर्ष त्यांनी येण्याआधीच काढलेला असतो.

अशा एका कुटुंबाविषयी, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे लिहीत आहे. गाव बेळगावच्या पश्चिमेकडचे, भाताच्या पट्ट्यातले. वडील बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत पाळीने कामाला जातात. आई घरचे शेत पाहते आणि आठवड्यातले काही दिवस भाजीची पाटी घेऊन शहरात येते. घरात आजी आहे. सतरा वर्षांची मुलगी शहरातल्या कॉलेजात विज्ञान शाखेतून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, शिकते आणि चौदा वर्षांचा मुलगा मराठी माध्यमाच्या हायस्कुलात नववीत आहे. शाळेत एका प्रकल्पासाठी गट पाडले गेले, याच्या गटाची प्रमुख एक मुलगी झाली, आणि याने तिच्या हाताखाली काम करण्यास साफ नकार दिला. शिक्षिकेने कारण विचारले तेव्हा तो भर वर्गात म्हणाला, ‘बस मुलींना फुकट, पैसे बायकांना फुकट, आता लीडरपण त्याच. मग आम्ही काय करायचं?’ मागच्या बाकावरून टाळ्या पडल्या. शिक्षिकेने शिक्षा न करता पालकांना बोलावून घेतले, तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्याच आठवड्यात त्याने बहिणीच्या हातातून फोन हिसकावून तिचे मेसेज वाचले होते, आणि तिने विरोध केल्यावर ‘कॉलेज बंद करायला लावतो बघ’ अशी धमकी दिली होती.

पहिल्या भेटीला आईवडील आणि मुलगा असे तिघे आले. आई बोलत होती, ‘मॅडम, ह्याचे बाबा कधी मला आवाज चढवून बोललेले नाहीत. मुलीला आम्ही मुलासारखंच शिकवालोय. हा असा कुठनं झाला तेच कळंना झालंय.’ हे बोलणे चालू असताना मुलाने तिच्याकडे न बघता नुसता हात पुढे केला. तिने वाक्य न तोडता पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडले आणि त्याच्या हातात दिली. पाणी पिऊन झाल्यावर बाटली तशीच तिच्याकडे परत आली, आणि झाकण तिनेच लावले. वडिलांना त्यात पाहण्यासारखे काही दिसले नाही. खरे तर तिघांपैकी कोणालाच दिसले नाही.

मी तेव्हा काही बोलले नाही, कारण अशा वेळी बोट दाखवले तर आई शरमते, मुलगा चिडतो आणि विषय तिथेच बंद पडतो. परंतु माझ्या अनुभवात स्त्रीपुरुष समानतेविषयीचे किशोरवयीन मुलांचे मत बहुतेक वेळा याच क्रमाने घडते. आधी सोय मिळते, आणि त्या सोयीचे समर्थन करणारे मत नंतर येते. बाटलीचे झाकण आपल्यासाठी कोणीतरी उघडते हे मुलगा चौदा वर्षे पाहत आलेला असतो. ते का, असा प्रश्न त्याला पडलेला नसतो आणि कोणी विचारलेलाही नसतो. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर शरीर बदलते, मित्रांत आपली जागा ठरू लागते, बाहेरच्या जगात मुली आपल्या पुढे जाताना दिसतात, आणि मग आतापर्यंत आपसूक मिळत आलेल्या गोष्टीला त्याला कारण हवे असते. ते कारण मोबाईल पुरवतो. मत घरात तयार होत असते, त्याला शब्द बाहेरून मिळतात. म्हणून नुसता मोबाईल काढून घेतला तर शब्द थांबतात, बाकी सगळे जिथल्या तिथे राहते.

मी घरातल्या प्रत्येकाला एक वही दिली आणि उठल्यापासून झोपेपर्यंत आपण काय केले एवढेच त्यात आठवडाभर लिहायला सांगितले. आजीसाठी नातीने लिहावे असे ठरले. मत लिहायचे नाही, तक्रार लिहायची नाही, फक्त काम आणि वेळ. पुढच्या भेटीला वह्या टेबलावर आल्या. मुलाच्या वहीत सोमवारच्या पानावर होते: ‘६:३० उठलो. चहा. आंघोळ. डबा. ८:१० बस. शाळा. ५ ला घरी. चहा. क्रिकेट. अभ्यास. जेवलो. मोबाईल. झोपलो.’ बहिणीच्या वहीत त्याच दिवशी चहा करणे होते, त्याचा डबा भरणे होते, स्वतःचा डबा भरणे होते, आजीच्या गोळ्या होत्या, संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढून घड्या घालणे होते, ताटे घेणे होते, आणि ‘९:४० ते ११:३० फिजिक्स’ होते. त्याच्या पानावरचा ‘डबा’ हा एक शब्द तिच्या पानावर दोन ओळींचा झाला होता. तो स्वतःच दोन्ही पाने समोरासमोर ठेवून वाचू लागला आणि थोड्या वेळाने म्हणाला, ‘पण तिला येतंय ते. मला येत नाही.’ येत नाही हे खरेच होते, कारण ते त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

हे एका घराचे वेगळेपण आहे असे कोणी समजू नये. केंद्र सरकारने 2019 मध्ये देशभर घेतलेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणात, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात असे दिसले, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा 97 मिनिटांचा होता. शिवाय त्या दिवशी असे काही काम केलेच, अशा स्त्रिया शंभरात एक्याऐंशी होत्या आणि पुरुष जेमतेम सव्वीस. आकडे मी मुलाला सांगितले ते त्याच्या वहीचे वाचन झाल्यानंतर. आधी सांगितले असते तर ते त्याला दुसऱ्या कोणाचे वाटले असते.

आईने तेवढ्यात अवघड प्रश्न विचारला. ‘म्हणजे मीच त्याला बिघडवला म्हणायचा का?’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण त्याला संशोधनातून अर्धवट आधार मिळतो आणि तो आधार आईच्या डोक्यावर मारण्यासाठी सहज वापरला जाऊ शकतो. हरियाणात 314 शाळांमधील किशोरवयीन विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या मतांचा मोठा अभ्यास झाला आहे. त्यात असे आढळले की पालकाचे एखादे मत भेदभावाचे असेल तर मुलाचेही तेच मत असण्याची शक्यता सुमारे 11 टक्केबिंदूंनी वाढते, मित्रांपेक्षा पालकांचा प्रभाव जास्त असतो, आणि आईचा प्रभाव वडिलांपेक्षाही जास्त असतो. मी आईला हे सांगितले, पण त्याबरोबर हेही सांगितले की जो माणूस मुलांसोबत सर्वांत जास्त वेळ असतो त्याच्याकडून मुले सर्वांत जास्त घेणार, यात दोषापेक्षा वेळेचा हिशेब आहे. आणि आईने जे दिले ते तिला तिच्या घरातून तसेच मिळालेले असते. भावाच्या आधी जेवायचे नाही हे तिला कोणी कागदावर लिहून दिलेले नव्हते. वडील घरकामातून बाहेर राहिले, ही गोष्टसुद्धा मुलाने कोणाकडून तरी पाहूनच शिकली होती, हे बोलल्यावर वडील प्रथमच खुर्चीत पुढे सरकून बसले.

आता बसचा विषय. अनेक शिक्षक आणि पालक येथे मुलाला गप्प करतात, आणि ते मला पटत नाही. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेखाली राज्यातल्या स्त्रियांना आणि मुलींना सरकारी बसने मोफत प्रवास करता येतो, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर सुरू झालेल्या गृहलक्ष्मी योजनेत कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर महिना 2000 रुपये जमा होतात. ज्या गावाला सकाळी एकदोनच बस आहेत तिथे गर्दी वाढली आहे, आणि सवलतीच्या पासासाठी पैसे भरणारा मुलगा दारात लोंबकळत शाळेला जातो, हे त्याने सांगितलेले वास्तव होते. त्याची गैरसोय खरी होती. ती मुलींमुळे झाली हा त्याचा निष्कर्ष मात्र त्याचा स्वतःचा नव्हता. तो त्याला एका व्हिडिओतून तयार मिळाला होता, ज्यात चारचाकीत बसलेला एक गृहस्थ ‘पुरुषांनीच कर भरायचा आणि बायकांनी फुकट फिरायचं’ असे सांगत होता. हा व्हिडिओ त्याने मला स्वतः दाखवला, आणि तसे एक-दोन पूर्ण पाहिल्यावर त्याच्यापुढे तसेच येत राहिले होते.

मी त्याला दोन कामे दिली. गावाला सकाळी आणखी एक बस हवी अशी विनंती करणारा अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे लिहायचा, आणि आईच्या दोन हजारांचा मागच्या महिन्याचा हिशेब तिला विचारून मांडायचा. अर्ज त्याने मराठीत लिहिला आणि कन्नडमध्ये करून घेण्यासाठी त्याला बहिणीकडे जावे लागले, याविषयी पुढे लिहिते. हिशेबात गॅसचा सिलिंडर निघाला, आजीच्या औषधातली थोडी रक्कम निघाली, आणि उरलेले त्याचे कॅन्व्हासचे बूट व त्याचाच मोबाईल रिचार्ज. त्याशिवाय पूर्वी भाजीच्या विक्रीतून बसचे तिकीट वजा होत असे, ते आता होत नाही, हे आईने त्याला सहज सांगितले. तो कागद मी जपून ठेवलेला नाही, पण त्याच्या कोपऱ्यात त्याने ‘फुकट’ असे लिहून ते खोडले होते एवढे आठवते.

बहिणीच्या फोनचे प्रकरण मला अधिक गंभीर वाटत होते आणि ते उलगडायला वेळ लागला. त्यामागे मग्रुरी असेल असे आईवडिलांना वाटत होते. एकट्याने बोलताना तो म्हणाला की गावातली मोठी मुले त्याला चिडवतात, ‘तुझी बहीण बसस्टँडवर कुणाबरोबर तरी बोलालती म्हणे’, आणि आजीने तो सातवीत असल्यापासून सांगून ठेवले आहे की शहरात जाणारी पोर आहे, भावाने लक्ष ठेवावे. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या पोराला घराच्या इभ्रतीचा राखणदार नेमले होते आणि ही नेमणूक बहिणीला न विचारता, त्याला न पेलणारी, आणि घरातल्या मोठ्यांना बिनकामाची ठेवणारी होती. समानतेविषयी बोलताना मुलग्यांना मिळणाऱ्या सवलतींवर आपण पुष्कळ बोलतो; त्यांच्यावर लादलेल्या या पहाऱ्याविषयी कमी बोलतो. पहारेकऱ्याला अधिकार लागतो, म्हणून तो फोन हिसकावतो. त्या संध्याकाळी त्याला जे वाटत होते ते त्याच्याच शब्दांत असे होते: ‘काही झालं तर सगळे मलाच विचारणार.’

हे ओझे उतरवणे त्याच्या हातात नव्हते, ते वडिलांच्या हातात होते. वडिलांनी आजीच्या समोर मुलाला सांगितले की ताईची काळजी घ्यायला आम्ही आहोत, तू तिचा फोन बघायचा नाहीस, आणि कोणी चिडवले तर त्याचे नाव मला सांग. मुलीलाही सांगितले की तुझा फोन तुझा आहे. मुलगी त्यावर लगेच खूश झाली असे मात्र नाही. ‘हे आधी सांगायला पाहिजे होतं’ असे ती स्पष्ट म्हणाली, आणि भावाने माफी मागितली तरी फोनचा पासवर्ड बदलून ठेवला. मला ते योग्य वाटले.

मुलीच्या मनातही सगळे स्वच्छ होते असे नाही. भावाने स्वतःचे ताट धुवावे असे ठरले तेव्हा पहिला विरोध तिने केला. ‘नको बाई, तो स्वयंपाकघरात आला की माझंच काम दुप्पट होतं.’ वरून हा व्यवहारी मुद्दा दिसतो, पण स्वयंपाकघर हे आपलेच राज्य आणि मुलगे तिथे अडगळ, हा विचार मुलींनीही लहानपणापासून घेतलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीत, काही ठरावीक कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे समर्थनीय आहे का असे विचारले गेले. घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष, वाद घालणे, न सांगता बाहेर जाणे अशी ती कारणे होती. आपल्या कर्नाटकात सुमारे 77 टक्के स्त्रियांनी आणि सुमारे 82 टक्के पुरुषांनी किमान एका कारणासाठी होकार दिला. पालक सभेत मी हा आकडा सांगते तेव्हा पुरुषांचा आकडा कोणाला फारसा दचकवत नाही, स्त्रियांचा दचकवतो. मारहाण न होणाऱ्या घरातसुद्धा ती होऊ शकते अशी जागा मनात राखलेली असते, आणि मुलगी ती आईकडून आणि मुलगा ती दोघांकडून घेतो.

आजीचा विरोध अपेक्षित होता. ‘पोरग्याला भांडी घासायला लावतीस? बाप्याच्या जातीला शोभतंय काय ते?’ असे तिने सुनेला विचारले. येथे ज्या गोष्टीने कलाटणी दिली ती मी सुचवलेली नव्हती. वडील लग्नाआधी काही वर्षे गोव्यात एका हॉटेलात कामाला होते. या पट्ट्यातून आणि चंदगडकडून गोव्याला गेलेल्या पुरुषांची संख्या मोठी आहे आणि त्यांपैकी कित्येक जण एका खोलीत चार-सहा जण मिळून राहतात. माझ्याकडच्या बैठकीत बोलता बोलता ते म्हणाले की खोलीवर सगळ्यांचा स्वयंपाक तेच करत, आणि त्यांच्या हातची माशाची आमटी खायला दुसऱ्या खोलीतली मुले येत. मुलाने हे आयुष्यात प्रथमच ऐकले. ‘मग घरात का करत नाही?’ असे त्याने विचारले. वडील हसले आणि म्हणाले, ‘तिथं करायला कोण होतं?’ उत्तर त्यांनी दिले आणि ते पुरते काय बोलले ते त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आले. पुढच्या रविवारी त्यांनी घरी आमटी केली. आजीने आधी नाक मुरडले, मग दोनदा वाढून घेतली, असे मला मुलीने सांगितले. त्यानंतर मुलाने ताट धुण्याला आजीचा विरोध राहिला, पण ‘बाप्याच्या जातीला’ हे शब्द तिला मुलासमोर वापरता येईनात.

माझे स्पष्ट मत आहे की घरात हे काम वडिलांनी केल्याशिवाय मुलाला सांगू नये. आईने सांगितले तर ती एक कटकट होते आणि समुपदेशकाने सांगितले तर तो गृहपाठ होतो.

बहिणीविषयीच्या त्याच्या रागाचा एक धागा आपल्या सीमाभागाचा आहे आणि तो बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. मराठी माध्यमातून शिकणारा मुलगा गावात असेपर्यंत निर्धास्त असतो. शहरात गेला की बसचा फलक, बँकेचा अर्ज, तालुका कचेरीतला कारकून, सगळीकडे कन्नड लागते, आणि पुढे नोकरीचे काय होणार ही धास्ती त्याला आठवी-नववीतच कळू लागते. बहीण दोन वर्षे शहरात जाऊन-येऊन सफाईने कन्नड बोलू लागली होती आणि इंग्रजीतून शिकत होती. अर्जाचे कन्नड तिच्याकडून करून घेताना तो आधी चिडला, मग तिच्या शेजारी बसून एकेक ओळ विचारून घेऊ लागला. बाहेर आपण कमी पडतो असे वाटणारा मुलगा घरात मोठा होऊ पाहतो, आणि घरात मोठे होण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे बहीण, असे मला या भागातल्या अनेक मुलांत दिसले आहे. त्याला समानतेवर व्याख्यान देण्यापेक्षा कन्नडचा चांगला वर्ग लावून देणे कधी कधी जास्त उपयोगी पडते.

मंडळांविषयी बोलले नाही तर हे चित्र अपुरे राहील. बेळगावातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक या मुलांच्या वर्षातला मोठा दिवस असतो. हा मुलगा जिजाऊंवर उत्तम भाषण करतो, आणि कित्तूरची राणी चन्नम्मा 1824 मध्ये इंग्रजांविरुद्ध कशी लढली हेही त्याला तारखेसकट पाठ आहे. तरी वर्गातल्या मुलीच्या हाताखाली त्याला काम करायचे नव्हते. थोर स्त्रीला वंदन करायला काही सोडावे लागत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीने सांगितलेले काम करायला मात्र आपले काहीतरी सोडावे लागते. मंडळाच्या बैठकीत मुली का नसतात असे मी त्याला विचारले तेव्हा ‘रात्री असते ना बैठक’ असे तो म्हणाला, आणि ती रात्रीच का असते याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. खरे तर माझ्या ओळखीच्या मोठ्या माणसांकडेही नाही.

शाळा यात काय करू शकते, असे त्या शिक्षिकेने मला विचारले होते. वर सांगितलेल्या हरियाणातल्या शाळांपैकी काहींमध्ये सातवी-आठवीच्या मुलामुलींसाठी सुमारे अडीच वर्षे, दर काही आठवड्यांनी पाऊण तासाची चर्चासत्रे घेण्यात आली. उपदेश कमी आणि वर्गातली चर्चा जास्त, अशी त्यांची पद्धत होती. सत्रे संपल्यानंतरही मुलामुलींची मते समानतेच्या बाजूला सरकलेली दिसली, आणि आपण घरात अधिक काम करतो असे सांगणारे मुलगे वाढले. मुलींच्या वागण्यात तेवढा फरक पडला नाही, कारण मुलीने ठरवले तरी घराने तिला करू द्यावे लागते. यातला ‘अडीच वर्षे’ हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. बालिकादिनी एक पाहुणा बोलावून हार घालण्याने यातले काही होत नाही. त्या शिक्षिकेने गट मोडला नाही, प्रमुखही बदलली नाही, फक्त प्रकल्पातली कामे लेखी वाटून दिली. मुलाने आपल्या वाट्याचे काम केले आणि प्रमुख मुलीशी तो कामापुरते बोलतो, एवढेच तिने कळवले.

वडिलांशी झालेले एक बोलणे मी शेवटी ठेवले आहे, कारण ते अजून पूर्ण झालेले नाही. मुलाने एकदा मला सहज सांगितले की त्याची आत्या आता गावाकडे येत नाही. तिने वडिलोपार्जित जमिनीत वाटा मागितला आणि तिचे माहेर तुटले. शहर पसरू लागल्यापासून या पट्ट्यातल्या जमिनीला भाव आले आहेत आणि बहिणींच्या सह्या हा घराघरांतला तापलेला विषय आहे. मुलगा दहा वर्षांचा असताना हे झाले. तेव्हा घरात कोणी ‘मुलींना हक्क नसतो’ असे वाक्य उच्चारले नसेल, पण हक्क मागणारी बाई दिवाळीला येत नाही एवढे त्याने पाहिले. त्याच्या मतांवर कोणत्याही व्हिडिओपेक्षा याचा परिणाम मोठा आहे असे मी वडिलांना सांगितले. 1994 मध्ये कर्नाटकाने तोपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहित-अविवाहित असा भेद न करता सर्व मुलींना जन्मतः मिळाला, आणि वडील 2005 मध्ये हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. वडिलांना यातले बरेच माहीत होते. ‘मुलीला लग्नात देणारच आहे की मी,’ असे ते म्हणाले, आणि लग्नात दिलेले आणि हक्काने दिलेले यांत मुलगा फरक ओळखतो, असे मी त्यांना म्हणाले.

ज्यांच्या घरात असेच काही चालू आहे अशा पालकांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिरस्काराने बोलणे आणि हात उचलणे, पाठलाग करणे, खासगी फोटो पसरवण्याची धमकी देणे या एकाच पायरीवरच्या गोष्टी नाहीत. दुसऱ्या प्रकारात वहीचे प्रयोग करत बसू नये. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर 1098 वर, तातडीच्या धोक्यात 112 वर फोन करावा, आणि शाळेला लेखी कळवावे. मुलगा स्वतः फार चिडचिडा, एकलकोंडा झाला असेल, झोप किंवा जेवण बिघडले असेल तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते, आणि सरकारी दवाखान्यांतील किशोरवयीनांसाठीच्या स्नेह क्लिनिकमध्येही त्याला नेता येते.

या घरात आजचे चित्र असे आहे. मुलगा स्वतःचे ताट धुतो, डबा भरतो, आणि पाहुणे आले की दोन्ही सोडून देतो. मेसेज वाचण्याचा प्रकार पुन्हा घडलेला नाही. बसच्या गर्दीविषयी तो अजून तावातावाने बोलतो, पण आता राग बसवर असतो. ‘लीडर मुलगाच पाहिजे’ हे मत त्याने सोडलेले नाही, ‘चांगली असली तर चालेल’ इथपर्यंत तो आला आहे, आणि त्यातले ‘असली तर’ मुलाला कोणी लावत नाही यावर आमचा वाद अधूनमधून होतो. वडिलांनी बँकेत जाताना आता मुलीलाही बरोबर नेले आणि खात्याचे व्यवहार दोघांना दाखवले. बहिणीला, म्हणजे मुलांच्या आत्याला, फोन करावा असे आईने सुचवले आहे. सुगी झाल्यावर बघू, असे वडील म्हणाले आहेत.